अकरा भोकं

तात गेले, वाटणी झाली.
मोठ्या काकांना घर, धाकट्याला दाजी पेठेतला गाळा,
आमच्या नायनाला सहा माग
आणि एक मोर.

मोर म्हणजे पुठ्ठ्याच्या पत्त्यांची माळ,
दोरीनं ओवलेली, मागाच्या डोक्यावर टांगलेली.
भोक असेल तिथं दोरा वर,
नसेल तिथं खाली.
तेवढ्यावर सगळा पिसारा, तुरा, चोच,
काठाला कमळं.

फक्त डोळा नाही.

चार पत्त्यांवर मिळून अकरा भोकं पाडायची राहिली होती.
नायना तेव्हा चौदा वर्षांचा,
पंच हातात, आणि लक्ष
रस्त्यानं चाललेल्या बँडकडे.
पहिली चादर उतरली. तातांनी ती उन्हात धरली,
उलटी करून पाहिली,
एका अंगाला लाल मोर, दुसऱ्या अंगाला पांढरा,
डोळा दोन्हीकडे नाही.
"कन्नु लेदु रा," एवढंच म्हणाले
आणि एक ठेवून दिली.
नवे पत्ते मात्र केले नाहीत. पुठ्ठा उधारीचा होता.

मी गादीवर बसलो त्याला एकतीस वर्षं झाली.
दुकानात मराठी, घरात तेलुगू,
वसुलीला निघालो की कानडी.
सूतवाल्याला पुढच्या तारखेचा चेक,
विजेच्या बिलाला मागच्या महिन्याची वसुली,
मधल्या दिवसांत मी.
शनिवारी पगाराची पाकिटं भरतो,
घरखर्चाचं सगळ्यात शेवटी.
कधी कधी त्यात नुसती चिठ्ठी जाते.
बायको वाचते, साखरेच्या डब्याखाली ठेवते.
अशा बऱ्याच चिठ्ठ्या आहेत तिथं.
कांड्या भरणारी अंबव्वा मला शेठ म्हणते;
तो शब्द अजून मापाचा होत नाही,
खांद्यावरून घसरतो.

औंदा श्रीहरीनं बँक गाठली.
सुरतेहून सेकंडहँड रेपियर आले, अक्कलकोट रोडला शेड घेतली,
आणि साखर पेठेतले सहा माग किलोवर गेले.
भंगारवाल्यानं पत्ते वजनात धरले नाहीत.
"पुठ्ठ्याचं काय करू, शेठ?"

तौसिफनं मोर कंप्युटरवर चढवला होता आधीच.
काम चोख. रंग पक्के.
पहिला गठ्ठा विजापूरला मुत्तगींकडे गेला
आणि आठव्या दिवशी परत आला.
चाळीस नग.
फोनवर म्हणाले, "माल बेस हाय की ओ,
पण गिऱ्हाईक आधी डोळाच बघतंय.
डोळा नाही तर गज्जमची.
डोळा असलेला मोर तर कुणाकडंबी मिळतोय."

घडी उघडली.
डोळा होता.
गोल, रेखीव, एकसारखा,
आणि माझ्याकडे बघत होता.
तौसिफ म्हणाला, "काका, मिस्टेक होती डिझाईनमध्ये.
मी फुकटात काढून टाकली."

त्यातली एक नायनाकडे नेली.
आता त्याला दिसतं कमी, बोटांना जास्त कळतं.
चोचीपासून वर सरकत
बोट डोळ्यावर थांबलं. बराच वेळ.
मला वाटलं, रडेल.
तो म्हणाला,
"ती वरात कुणाची होती काय की.
बँड मात्र झकास होता."
आणि चादर पायावर ओढून घेतली.
थंडी वाजत होती त्याला.

उरलेल्या एकोणचाळीस पडेल भावात फुंकल्या.
श्रीहरी दोन दिवस बोलला नाही,
मग नफ्यातोट्याचा कागद करून टेबलावर ठेवला;
मी तो साखरेच्या डब्याखाली सरकवला.

रात्री तौसिफला फोन लावला.
"अकरा भोकं बुजव."
"काका, कंप्युटरमध्ये भोकं नसतात."
"मग जे काय असतं
ते बुजव."